प्रश्न एक, भाषा चार: कोडिंगचे सराव-प्रश्न पायथनमधून जावा, सी++ आणि जावास्क्रिप्टमध्ये नेताना

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयातले हे प्रकरण आहे. पहिल्या वर्षाला पायथन शिकवायला सुरुवात झाल्यावर संगणक विभागाने शंभरच्या आसपास सराव-प्रश्न तयार केले. प्रत्येक प्रश्नाला मराठी आणि इंग्रजी मजकूर, दोन-तीन दिसणारी उदाहरणे, दहा-पंधरा लपवलेल्या टेस्ट केस (ठरावीक इनपुट आणि त्याचे अपेक्षित आउटपुट) आणि पायथनमधले एक नमुना उत्तर होते. विद्यार्थी कोड चढवत, सर्व्हरवरचा जज तो चालवून आउटपुट ताडून पाहत असे आणि त्यातून प्रात्यक्षिकाचे काही गुण मिळत. हा संच चांगला चालला. वर्गातल्या ज्या मुलांनी अकरावी-बारावीत कधी कोड लिहिला नव्हता, त्यांनाही त्यातल्या चढत्या क्रमाचा फायदा झाला.

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर सी++मध्ये, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग जावामध्ये आणि वेबचा एक ऐच्छिक विषय जावास्क्रिप्टमध्ये होता. प्लेसमेंटच्या परीक्षांतही जावा आणि सी++ला मागणी असते. तेव्हा हाच संच या तीन भाषांत आणावा असे ठरले. दोन शिक्षक, प्रयोगशाळेचे एक सहायक आणि तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी यांच्याकडे काम सोपवले गेले.

आखणी साधी होती. पायथनमधले नमुना उत्तर ओळीमागून ओळ नव्या भाषेत उतरवायचे, ते टेस्ट केसच्या इनपुटवर चालवायचे आणि जे आउटपुट येईल ते त्या भाषेचे अपेक्षित उत्तर म्हणून साठवायचे. स्क्रिप्ट एकदा लिहिली की शंभर प्रश्नांच्या फाइली काही मिनिटांत तयार होत होत्या. पुढे जे बिघडले त्याचे मूळ या आखणीच्या शेवटच्या पायरीत आहे.

बरोबर उत्तर नापास

पहिली तक्रार एका सोप्या प्रश्नावर आली. घड्याळाची वेळ तास आणि मिनिटांत दिली आहे, त्यात काही मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची आणि नवी वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने छापायची. एका विद्यार्थिनीने आदल्या वर्षी तो पायथनमध्ये सोडवला होता. जावामध्ये तिने तोच विचार नीट मांडला आणि उरलेली बाकी ऋण आली तर १४४० मिळवून पुन्हा बाकी काढली. जजने तिचा कोड नापास केला. तिच्या शेजारच्या मुलाने अशी काही काळजी घेतलीच नव्हती, आणि तो पास झाला.

लपवलेली टेस्ट केस उघडल्यावर उलगडा झाला. वेळ ००:२०, वजा ५० मिनिटे. मध्यरात्रीपासूनची मिनिटे होतात उणे ३०. पायथनमध्ये -३० % १४४० (% म्हणजे भागून उरणारी बाकी) चे उत्तर १४१० येते, कारण तिथे बाकीचे चिन्ह भाजकाचे असते. त्यातून २३:३० मिळते. जावा, सी++ आणि जावास्क्रिप्टमध्ये बाकीला भाज्याचे चिन्ह लागते, म्हणून तिथे उत्तर उणे ३० च राहते. पुढे जावामध्ये -३० भागिले ६० हा पूर्णांकी भागाकार शून्याकडे कापला जातो आणि छापले जाते ००:-३०. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांकी भागाकाराचे चिन्हच नाही, म्हणून उतरवणाऱ्याने तिथे खालच्या पूर्णांकाकडे नेणारे मॅथ.फ्लोअर वापरले होते. त्यामुळे तिथले आउटपुट -१:-३० असे आले. जावाच्या फाइलीत ००:-३० आणि जावास्क्रिप्टच्या फाइलीत -१:-३० ही ‘बरोबर उत्तरे’ म्हणून बसली होती. दिसणाऱ्या उदाहरणांत मध्यरात्र ओलांडून मागे जाणारे एकही उदाहरण नसल्याने कुणाच्या डोळ्यांना ते खटकले नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती: जावा ८ पासून पायथनसारखी बाकी देणारे मॅथ.फ्लोअरमॉड आहे, सी++ आणि जावास्क्रिप्टमध्ये बाकीत १४४० मिळवून पुन्हा बाकी काढायची. पण ज्या मुलीने खरोखर विचार केला तिला यंत्राने ‘चूक’ सांगितले होते. शिकणाऱ्याचा स्वतःच्या विचारावरचा विश्वास अशा एका नकाराने डळमळतो. तिने दोन दिवस आपल्याच कोडमध्ये दोष शोधला होता. म्हणून ओळ बदलून पुढे न जाता सगळा संच थांबवायचा, असा पहिला निर्णय झाला. सत्र चालू असताना तो घेणे सोपे नव्हते, पण योग्य होते.

चूक शिरली कुठून

तपासणीत दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागल्या.

एक, प्रश्नाच्या मजकुरात बरेच काही लिहिलेलेच नव्हते. मूळ भाषा त्या रिकाम्या जागा आपोआप भरत होती. ऋण बाकी कशी धरायची, संख्या किती मोठी असू शकते, समान वारंवारतेचे शब्द कोणत्या क्रमाने छापायचे, अर्धा आला तर पूर्णांक वर न्यायचा की खाली, या प्रश्नांची उत्तरे पायथनने दिली होती. लेखकाने कधीच दिली नव्हती. भाषा बदलली की तीच उत्तरे बदलतात.

दोन, अपेक्षित आउटपुट उतरवलेल्या उत्तरातूनच काढले होते. म्हणजे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच. उतरवताना झालेली कुठलीही चूक स्वतःलाच पास करून घेत होती. शंभर प्रश्नांवर ‘सर्व टेस्ट पास’ असे हिरवे चिन्ह दिसत होते आणि त्या चिन्हाला काहीच अर्थ नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पहिली अडचण कुठल्याही संचात थोडीफार राहतेच. पण दुसरीमुळे ती दिसण्याचा मार्गच बंद झाला होता.

समोरचे पर्याय

चार वाटांवर चर्चा झाली.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे तक्रार येईल तो प्रश्न दुरुस्त करणे. ही लगेच बाद झाली, कारण बरोबर उत्तर नापास झालेला विद्यार्थी बहुतेक वेळा तक्रार करत नाही. तो स्वतःलाच दोष देऊन पुढच्या प्रश्नाकडे जातो. चूक असूनही पास झालेला तर येणारच नाही.

दुसरी वाट: पायथनचे आउटपुट हेच प्रमाण मानायचे आणि बाकी तिन्ही भाषांनी हुबेहूब तेच छापायचे. ही मोहक होती आणि तिच्याकडे सुरुवातीला बहुमतही झुकले होते. दोन प्रश्नांनी ते मत बदलले. पहिला राउंडिंगचा, म्हणजे अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाकडे नेण्याचा, ज्याबद्दल पुढे येते. दुसरा शिखरांचा: यादीतला जो घटक दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा मोठा तो शिखर, टोकाचे घटक धरू नयेत. पायथनच्या नमुना उत्तरात लूप शून्यापासून सुरू होत होता. पहिल्या घटकाचा डावा शेजारी पाहताना इंडेक्स (यादीतल्या जागेचा क्रमांक) उणे १ होतो, आणि पायथनमध्ये उणे १ म्हणजे यादीतला शेवटचा घटक. कोड बिनबोभाट चालत राहिला. [५, १, ३, २] या यादीत शिखर एकच आहे, ३. पण नमुना उत्तर दोन शिखरे सांगत होते, कारण त्याने पहिल्या ५ ची तुलना शेवटच्या २ शी केली. हाच कोड जावात उतरवला तेव्हा मर्यादेबाहेरच्या इंडेक्सचा अपवाद फेकून तो थांबला. उतरवणाऱ्या विद्यार्थ्याने ‘जावासाठी’ म्हणून लूप १ पासून सुरू केला आणि काही न बोलता पुढे गेला. मूळ संचातली चूक वर्षभर तशीच होती. पायथनला प्रमाण मानले असते तर ती चारही भाषांत पक्की झाली असती.

तिसरी वाट: प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र संच. शिकवण्याच्या दृष्टीने ही सर्वांत चांगली आहे, कारण प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा. पण चौपट काम आणि चौपट देखभाल एवढ्या माणसांना झेपणारी नव्हती.

चौथी वाट निवडली गेली: प्रश्नाचा मजकूर हे एकमेव प्रमाण, त्यातून भाषेशी संबंध नसलेली इनपुट-आउटपुटची एकच डेटा फाइल, आणि त्या फाइलीतून प्रत्येक भाषेच्या टेस्ट तयार करणारी छोटी स्क्रिप्ट. हे नवे नाही. एक्सरसिझम या मुक्त सराव-मंचावर अशीच रचना आहे: सामाईक भांडारात प्रत्येक प्रश्नाची टेस्ट-माहिती जेसन या कुठल्याही भाषेला वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात असते, प्रत्येक केसला कायमचा ओळख-क्रमांक असतो, आणि एखादी केस आपल्या भाषेला लागू नसेल तर त्या भाषेचे लोक ती यादीतून वगळतात. एकदा नोंदवलेली केस बदलायची नाही. ती चुकली असेल तर नवी लिहून ‘ही अमुकची जागा घेते’ अशी नोंद करायची. या शेवटच्या नियमाचा महत्त्वाचा उपयोग पुढे झाला.

चौथ्या वाटेतही तिसरीचा एक तुकडा घेतला: जे प्रश्न एखाद्या भाषेत अर्थहीन होतात ते तिथे न्यायचेच नाहीत.

प्रश्नागणिक घेतलेले निर्णय

सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता.

मोठ्या संख्या. पायथनच्या पूर्णांकाला आकाराची मर्यादा नाही, म्हणून मूळ संचात ‘न वी फिबोनाची संख्या काढा’ या प्रश्नात न कितीही असू शकत होता. एफ शून्य बरोबर ० धरले तर ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकात ४६ वी संख्या, १,८३,६३,११,९०३, बसते. ४७ वी बसत नाही. ६४ बिटांत ९२ वी बसते, ९३ वी नाही. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत अचूकतेची हमी २ चा ५३ वा घात उणे १, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच आहे. ७८ वी संख्या त्यात आहे, ७९ वी बाहेर. ७९ वी खरी १४४७२३३४०२४६७६२२१ आहे आणि जावास्क्रिप्ट छापते ...६२२०. शेवटचा एक अंक. असा फरक डोळ्यांनी सापडत नाही.

तीन तोडगे होते. न ची मर्यादा ७८ करणे; सगळीकडे मोठ्या पूर्णांकाचे ग्रंथालय वापरायला लावणे; किंवा उत्तर १,००,००,००,००७ ने भागून बाकी मागणे, जशी स्पर्धांत पद्धत आहे. ग्रंथालयाचा तोडगा सी++मध्ये अडला, कारण तिच्या मानक ग्रंथालयात असा पूर्णांक नाही. बाकीचा तोडगा पहिल्या वर्षाच्या मुलांवर मॉड्युलर अंकगणित लादत होता; शिवाय तशा दोन बाक्यांचा गुणाकार दहाच्या अठराव्या घाताच्या घरात जातो, तो ६४ बिटांत मावतो पण जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत चुकतो. प्रश्नाचा हेतू लूप आणि दोन चल पुढे सरकवणे एवढाच होता. म्हणून मर्यादा ७८ ठरली आणि मजकुरात लिहिली गेली. ‘उत्तर ३२ बिटांत मावेलच असे नाही’ हे वाक्यही घातले, कारण ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या ठरलेल्या बिटांत न मावणे, ओळखणे जावा आणि सी++मध्ये शिकण्याचाच भाग आहे. ४७ ही केस मुद्दाम ठेवली.

‘२ च्या १००० व्या घातातील अंकांची बेरीज’ हा प्रश्न मात्र सी++मध्ये नेला नाही. पायथनमध्ये तो एका ओळीचा. सी++मध्ये ३०२ अंक अ‍ॅरेत ठेवून हातचे घेत दुप्पट करत जावे लागते. तो सुंदर प्रश्न आहे, पण वेगळा आहे. तो अ‍ॅरेच्या प्रकरणात नव्या नावाने, वाढीव गुणांसह ठेवला.

राउंडिंग. बिलाच्या प्रश्नात १८ टक्के कर काढून पैशापर्यंत पूर्ण करायचा होता. २५ पैशांवर कर ४.५ पैसे. पायथनचे राउंड अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते, उत्तर ४. जावा आणि जावास्क्रिप्टचे मॅथ.राउंड ५ देते, सी++चेही ५. छापतानाही असाच भेद: ०.१२५ दोन दशांश स्थळांपर्यंत छापले तर पायथनमध्ये ०.१२, जावामध्ये ०.१३. इथे कुठलीच भाषा चुकीची नाही. मजकूर अपुरा होता. निर्णय असा: रक्कम पूर्णांकी पैशांत द्यायची, ‘अर्धा पैसा वर’ हा नियम मजकुरात लिहायचा आणि कर (रक्कम × १८ + ५०) भागिले १०० या पूर्णांकी भागाकाराने काढायचा. रक्कम ऋण नसल्याने हे सूत्र चारही भाषांत एकच उत्तर देते. जावास्क्रिप्टमध्ये तेवढे मॅथ.फ्लोअर लावावे लागते. पैशाचा हिशेब दशांशात करू नये ही सवय मुलांना लागली, हा वरचा लाभ.

क्रम. शब्दांची वारंवारता मोजण्याच्या प्रश्नात छापण्याचा क्रम दिलाच नव्हता. पायथन ३.७ पासून डिक्शनरी (शब्द आणि त्याची संख्या अशा जोड्या ठेवणारी रचना) घालण्याचा क्रम पाळते, म्हणून मूळ संचात शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने छापले जात. तशाच जावाच्या हॅशमॅपमध्ये आणि सी++च्या अनऑर्डर्ड मॅपमध्ये क्रमाची हमी नाही. इथे दोन मार्ग होते: क्रम ठरवून देणे, किंवा कुठलाही क्रम चालवून घेणारा तपासनीस लिहिणे. दुसरा मार्ग विद्यार्थ्याला मोकळीक देतो, पण उदाहरण आणि आपले आउटपुट जुळत नाही म्हणून नवशिके गोंधळतात. म्हणून क्रम ठरवला: वारंवारता उतरती, समान असल्यास शब्द वर्णक्रमाने, आणि शब्दांत फक्त लहान इंग्रजी अक्षरे. ही शेवटची अट नसती तर वर्णक्रम म्हणजे नेमके काय हा नवा वाद उभा राहिला असता. संख्यांच्या क्रमवारीत जावास्क्रिप्टचा एक सापळा मात्र मुद्दाम राखला: तिथे सॉर्टला तुलना सांगितली नाही तर संख्या अक्षरांसारख्या लावल्या जातात आणि १, ९, १० ऐवजी १, १०, ९ येते. तो त्या भाषेचा खरा धडा आहे. मजकुराच्या त्रुटीतून आलेला नाही.

हीच कसोटी पुढे सगळीकडे लावली गेली: समोरचा फरक भाषेचा स्वभाव शिकवतो, की आपला अपुरा मजकूर उघडा पाडतो? पहिला ठेवायचा, दुसरा दुरुस्त करायचा.

मराठी मजकूर. उलट-सुलट सारखे वाचले जाणारे वाक्य ओळखा, हा प्रश्न मुलांना फार आवडे, कारण त्यात ‘रामाला भाला मारा’ आणि ‘नवजीवन’ होते. पण संगणकासाठी ‘नवजीवन’ म्हणजे न, व, ज, वेलांटी, व, न अशी सहा चिन्हे. ती उलटवली की वेलांटी ‘ज’च्या आधी, ‘व’ला जाऊन चिकटते आणि शब्द सारखा राहत नाही. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट तिघींचेही उत्तर ‘नाही’ येते. सी++ बाइट उलटवते, तेव्हा यूटीएफ-८ चा (जिथे एक देवनागरी चिन्ह अनेक बाइटांत साठवले जाते) मजकूरच अवैध होतो. मूळ पायथनच्या नमुना उत्तरात मात्रा जोडून घेणारा खास कोड होता, तो फक्त संचातल्या शब्दांपुरता चालत होता.

देवनागरी काढून टाकावी आणि इंग्रजी शब्द ठेवावेत असा एक प्रस्ताव होता. तो नाकारला गेला, आणि त्यासाठी ज्यांनी आग्रह धरला त्यांचे आभार मानायला हवेत: आपल्या लिपीतला मजकूर हाताळता येणे हे इथल्या विद्यार्थ्याला पुढे लागणारच आहे. अक्षरगट तोडण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेगमेंटरने आणि जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आहे. सी++मध्ये त्यासाठी बाहेरचे ग्रंथालय लागते. म्हणून इनपुटच तोडून दिले: ‘रा मा ला भा ला मा रा’. आता विद्यार्थ्याला मधल्या मोकळ्या जागेवर (स्पेसवर) तोडून तुकड्यांची यादी दोन्ही टोकांकडून ताडायची असते. हे चारही भाषांत जमते, यूटीएफ-८ मध्ये जागेचा बाइट अक्षराच्या पोटात येत नसल्याने सी++मध्येही. अक्षरे तोडण्याचा मूळ प्रश्न तिसऱ्या वर्षासाठी वेगळा काढला.

याच प्रश्नावर आणखी एक अडथळा आला: जावाचे ‘हो’ आणि ‘नाही’ हे आउटपुट प्रश्नचिन्हे होऊन येत होते. जावा १८ पासून यूटीएफ-८ हे ठरीव एन्कोडिंग असले तरी बाहेर छापला जाणारा मजकूर यंत्राच्या लोकेलवर (भाषा आणि लिपीच्या सेटिंगवर) अवलंबून राहतो, आणि जज ज्या वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) कोड चालवतो त्याला लोकेल दिलेलेच नव्हते. यूटीएफ-८ लोकेल दिल्यावर ते सुटले.

इनपुट वाचणे. जावामध्ये स्कॅनरने आधी संख्या आणि मग पूर्ण ओळ वाचली की हाती रिकामी ओळ येते, कारण संख्येनंतरचे ओळ-चिन्ह शिल्लक असते. काही टेस्ट फाइली विंडोजवर संपादित झाल्या होत्या; ओळीच्या शेवटी राहिलेले जादा चिन्ह पायथन आणि जावा गिळतात, पण लिनक्सवर सी++चे गेटलाइन ते मजकुरात ठेवते. त्यामुळे शब्द ताडणारे प्रश्न फक्त सी++मध्ये नापास होत होते. फाइली स्वच्छ केल्या आणि वाचन-छपाईचा कोड आधीच लिहून द्यायचे ठरले. विद्यार्थ्याने एकच फंक्शन भरायचे. याला विरोध झाला आणि तो रास्त होता: मुलांना इनपुट वाचता आलेच पाहिजे. म्हणून प्रत्येक भाषेत पाच-सहा प्रश्न फक्त वाचनाचे ठेवले आणि बाकीच्यांत ते ओझे काढले.

न नेलेले प्रश्न. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, टपलने चलांची अदलाबदल, फंक्शनच्या ठरीव आर्ग्युमेंटमध्ये सामाईक राहणारी यादी हे प्रश्न फक्त पायथनचे राहिले. त्यांच्या जागी जावासाठी == आणि इक्वल्समधला फरक, सी++साठी व्हेक्टर मूल्याने आणि संदर्भाने देण्यातला फरक, जावास्क्रिप्टसाठी == आणि === असे नवे प्रश्न लिहिले.

वेळमर्यादा

बेरीज दिलेल्या संख्येइतकी होणारी जोडी शोधा, या प्रश्नाचा हेतू दुहेरी लूप सोडून सेट (एखादी संख्या आधी येऊन गेली का हे झटकन सांगणारी रचना) वापरायला लावणे हा होता. मूळ संचात यादी २०,००० घटकांची आणि मर्यादा एक सेकंद. दुहेरी लूपला सुमारे २० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. पायथन त्यात नापास होते, सी++ सहज पास होते. म्हणजे सी++च्या विद्यार्थ्याला काही शिकण्याची गरजच उरली नाही. आकार दोन लाख केला, तेव्हा जोड्या सुमारे २,००० कोटी झाल्या आणि दुहेरी लूप सगळीकडे अडला. सेटचे उत्तर पायथनमध्येही आरामात बसते.

मर्यादा ठरवण्याची पद्धत लिहून काढली: त्या भाषेतले अपेक्षित उत्तर जजच्याच यंत्रावर मोजायचे, त्याच्या तिप्पट मर्यादा ठेवायची, आणि संथ उत्तराला त्या मर्यादेच्या किमान दुप्पट वेळ लागतो याची खात्री करायची. दोन्ही जमत नसेल तर वेळेशी खेळू नये, इनपुटचा आकार बदलावा.

काम कसे पार पडले

आधी मजकूर. प्रत्येक प्रश्नाला इनपुटच्या सीमा, ऋण आणि रिकाम्या इनपुटचे काय, ‘उत्तर नाही’ कसे दाखवायचे, समान आल्यास क्रम आणि पूर्णांक करण्याचा नियम हे पाच मुद्दे भरणे सक्तीचे केले. ‘उत्तर नाही’ पायथनमध्ये नन होते, जावात नल, सी++मध्ये काहीही. सगळीकडे उणे १ किंवा ‘नाही’ हा शब्द ठरवला.

मग डेटा फाइल. लहान केसची उत्तरे दोघांनी स्वतंत्रपणे कागदावर काढायची. मोठ्या केससाठी वेगवेगळ्या भाषांत आणि जमल्यास वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेली दोन उत्तरे जुळली तरच नोंद करायची. जेसनमध्ये मोठ्या संख्या अवतरणचिन्हांत ठेवल्या, कारण जावास्क्रिप्टची स्क्रिप्ट त्या संख्या म्हणून वाचताना शेवटचे अंक गमावते.

शेवटी प्रत्येक प्रश्नाला किमान दोन मुद्दाम चुकीची उत्तरे जोडली: एक ऋण संख्येवर चुकणारे, एक मोठ्या संख्येवर चुकणारे, जिथे जे लागू असेल ते. टेस्टनी ती नापास केलीच पाहिजेत. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी होती आणि सर्वांत उपयोगी ठरली. टेस्ट केस अपुऱ्या आहेत हे बहुतेक वेळा हिच्यातून कळले.

जुन्या सबमिशनचे काय, हा अवघड निर्णय होता. नव्या टेस्टवर सगळे कोड पुन्हा चालवले. आधी नापास आणि आता पास झालेल्यांना गुण दिले. आधी पास आणि आता नापास झालेल्यांचे गुण काढले नाहीत. त्यांना चुकलेली केस दाखवून पुन्हा सोडवण्याची संधी दिली. प्रश्न चुकीचा विचारला गेला होता, त्याची शिक्षा त्यांना का? केसचे ओळख-क्रमांक कायम असल्याने कोणाचा निकाल कोणत्या केसमुळे बदलला ते प्रत्येकाला सांगता आले. त्या मुलीला तिचा पहिलाच कोड, एक अक्षरही न बदलता, पास झालेला दाखवला.

निष्पत्ती

निम्म्याहून जास्त प्रश्न डेटा फाइलीतून चारही भाषांत जसेच्या तसे गेले. बाकीच्यांचा मजकूर बदलला, काही वगळले, काही नवे आले. मूळ पायथनच्या संचातही शिखरांसारख्या चुका सापडल्या आणि सुधारल्या. पुढच्या सत्रात जजबद्दलच्या तक्रारी आल्या त्या मुख्यतः वेळमर्यादेच्या होत्या. एकाच विचाराला दोन भाषांत वेगळा निकाल मिळाल्याची तक्रार आली नाही. वेळेचा मात्र मोठा खर्च झाला: उतरवण्याचे काम आठवड्याभराचे धरले होते, ते सत्राच्या अखेरीपर्यंत चालले. सी++चा भाग शेवटी आला आणि डेटा स्ट्रक्चरच्या विद्यार्थ्यांना त्याचा त्या वर्षी अर्धाच उपयोग झाला.

वेगळे काय करता आले असते

शंभर प्रश्न एकदम न घेता वेगवेगळ्या प्रकारांचे दहा निवडून चारही भाषांत पूर्ण करायला हवे होते: एक ऋण संख्येचा, एक मोठ्या संख्येचा, एक दशांशाचा, एक मजकुराचा, एक क्रमाचा, एक वेळेचा. वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या दहांतच दिसल्या असत्या.

उतरवणाऱ्याने मूळ कोड न पाहता फक्त मजकूर वाचून उत्तर लिहायला हवे होते. जावाच्या विद्यार्थ्याने लूप १ पासून सुरू केला तेव्हा त्याला मूळ चूक दिसली होती, पण त्याचे काम उतरवणे हे असल्याने त्याने ती ‘भाषेतला फरक’ समजून सोडून दिली. फक्त मजकुरावरून लिहिले असते तर दोन उत्तरे जुळली नसती आणि प्रश्न तिथेच थांबला असता. आता भाषांतर करणाऱ्याला नमुना उत्तर दिलेच जात नाही. कोड लिहून झाल्यावर डेटा फाइलीशी ताडणी होते, आणि न जुळणाऱ्या प्रत्येक केसमागे कारण लिहावे लागते.

वगळलेल्या केसची कारणे सुरुवातीला नोंदवली नव्हती. त्यामुळे सी++मधून काढलेली काही इनपुटे का काढली, हे शोधायला पुन्हा वेळ गेला. हा रकाना आता रिकामा ठेवता येत नाही.

आणि पाचव्या भाषेची मागणी आली आहे, गो. तिच्यात मॅपवरून फिरताना क्रम मुद्दाम यादृच्छिक ठेवलेला असतो. गटाने ती भाषा संचात घेण्याआधीच डेटा फाइलींवर चालवून पाहायला घेतली आहे. क्रम न सांगितलेला एखादा प्रश्न अजून लपून बसला असेल, तर तो गोमध्ये दर वेळी वेगळे आउटपुट देऊ शकेल.